पोथी कुठे बांधावी

उषाआत्यांनी शिरा करून झाकून ठेवला तेव्हाच पद्मावतीला कळलं, आज सुटका नाही. श्रावण लागला की बरकतपुऱ्याच्या त्या घरात दुपारी पोथी लागायची, आणि पोथी बांधल्याशिवाय प्रसादावरचं झाकण काढायचं नाही, ही रीत ती लग्न होऊन आल्यापासून पाळत होती. पण आज पाटावर पोथी नव्हती. तांबड्या फडक्यावर, हळदकुंकू वाहून, तिचंच पुस्तक ठेवलेलं होतं.

"आत्या, अहो कादंबरी आहे ती. कादंबरीला कुणी हळदकुंकू वाहतं का?"

"कामून? घराण्याची गोष्ट लिहिलीय म्हणतीस ना? मग पोथीच झाली की." उषाआत्यांनी काळा चष्मा सारखा केला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना वाचायला मना केलं होतं, आणि त्या मनाईवर पद्मावती उन्हाळ्यापासून तग धरून होती. डोळे निवू द्या आत्या, मग वाचा. टाके निघू द्या, मग वाचा. आता टाके निघाले होते आणि बहाणे संपले होते. "मला वाचता येईना तर ऐकता तर येतंय. आयतवारी मंडळात तुझा सत्कार, तिथं लोकांसमोर वाचणार. घरातल्या माणसानं आधी ऐकू नये व्हय?"

रविवारी मराठी मंडळाच्या सभागृहात तिचा सत्कार होता, शाल होती, नारळ होता, आणि पुस्तकातलं एक प्रकरण तिने वाचून दाखवावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. कुठलं प्रकरण, ते विचारायची गरजच नव्हती. विहिरीचं.

पुण्याहून, औरंगाबादहून, थेट इंदूरहून वाचकांची कार्डं येत होती, आणि सगळी कार्डं त्या एकाच विहिरीच्या काठावर येऊन रडत होती. "त्रिवेणीने विहीर जवळ केली ते वाचताना हातातला घास हातात राहिला," असं एका मुख्याध्यापकांनी कळवलं होतं. कुणी म्हणे, मधली आजच्या काळातली प्रकरणं काढून टाका, पण विहिरीला धक्का लावू नका.

ही त्रिवेणी कोण, ते पुण्याच्या वाचकाला कशाला ठाऊक असणार. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीने गाव रिकामं झालं, पद्मावतीच्या सासऱ्यांच्या, हणमंतरावांच्या, दोन बैलबंड्या संस्थानाच्या सरहद्दीकडे निघाल्या, आणि त्यांची सतरा वर्षांची बहीण मागेच राहिली. पुढच्या बंडीला वाटलं ती मागच्या बंडीत, मागचीला वाटलं ती पुढे. ती बहीण म्हणजे उषाआत्या. पावसाळ्याच्या शेवटी त्या सरहद्दीपलीकडच्या कँपात येऊन पोचल्या, एवढंच घरात बोललं जायचं. मधल्या दिवसांबद्दल कुणी बोलत नसे. त्यांचं लग्न का झालं नाही, त्याबद्दल तर नाहीच नाही.

पहिल्या खर्ड्यात पद्मावतीने त्रिवेणीला परत आणली होती. पण परत आणून तिचं पुढे करायचं काय ते सुचेना. पोरगी आपली पानोपानी घरात वावरते आहे, भांडी घासते आहे, गोष्ट पुढे सरकतच नाही. मग एका दुपारी एकटाकी विहीर आली. लिहिताना पद्मावती ढसाढसा रडली, आणि लिहून झाल्यावर, खरं सांगायचं तर, खूश झाली. त्याच वेळी आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. "तू लिही, भाकरीचं मी बघते," असं म्हणून ज्या बाईने तिला वर्षानुवर्षं दुपार मोकळी करून दिली, ती आत भाकऱ्या थापत होती, आणि ही इकडे तिला विहिरीत ढकलत होती. हे ध्यानात आलं तेव्हा पुस्तक छापूनही झालं होतं.

"वहिनी, तुम्ही उगाच परेशान होताय," यशवंत म्हणाला. हा तिचा धाकटा दीर. विद्यानगरला टीव्हीचं दुकान होतं, आणि घरोघरी केबल आल्यापासून त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी आज आत्यांचा निरोप म्हणून दुकान नोकरावर टाकून आला होता. "नावंगावं बदललीत ना? मग झालं. आत्याला काय, दोन पानं ऐकेल अन् डुलकी काढेल."

"नावं बदलून माणसं लपत असती तर काय हवं होतं," त्याची बायको वंदना म्हणाली. ती सकाळपासून घुश्शात होती. पुस्तकाच्या आजच्या काळातल्या भागात एक धाकटी जाऊ होती, पाहुणे आले की साखरेचा डबा फळीवर चढवून ठेवणारी. "आमच्या शेजारणीने वाचलं. परवा आली अन् म्हणते, चहा नको हं, तुमची साखर संपेल. ताई, सांगा आता मी तोंड कुठे लपवू?"

"अगं, ती तू नव्हेस."

"मग कोण? या घरात धाकटी जाऊ आणखी कितीजणी आहेत?"

हिम्मतराव, पद्मावतीचे यजमान, आरामखुर्चीत बसून हे ऐकत होते. वीज खात्यात जन्म गेलेला माणूस, वाद दिसला की फ्यूज काढून ठेवायचा. बायकोचं पुस्तक ते रोज जेवणानंतर दोन पानं वाचत आणि तिसऱ्या पानावर झोपत. विहीर मात्र त्यांनी वाचली होती, आणि त्यानंतर आत्यांशी बोलताना त्यांची नजर जमिनीला चिकटलेली असायची. पद्मावतीने सकाळी त्यांना स्वयंपाकघरात गाठून म्हटलं होतं, "अहो, तुम्ही तरी थांबवा." ते म्हणाले, "मी काय सांगू तिला? माझ्या बायकोने तुला मारून टाकलंय, ते ऐकू नको?"

मग तिने अमृताला गाठलं. अमृता तिची मुलगी, कॉलेजात होती, जन्मभर इंग्रजी शाळेत गेलेली. मराठी तिला बोलता येई झकास, वाचताना मात्र प्रत्येक जोडाक्षराशी कुस्ती. "आज फक्त सातवं प्रकरण वाच," पद्मावतीने तिला बजावलं. "बंड्या निघतात ते, आत्यांना तिथूनच ऐकायचंय. पुढचं आठवं आजच्या काळातलं, ते उद्या. तोवर रविवार येईल आणि जाईल. आत्यांना सभागृहात न्यायचं नाही, डोळ्यांना दिवे सोसणार नाहीत म्हणून सांगू." अमृता आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हौ, पण रविवारनंतर?"

वाचन सुरू झालं. उषाआत्या भिंतीला टेकून, हात जोडून बसल्या. अमृता अडखळत वाचत होती: बैल जुंपले, भांडी पोत्यात भरली, कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. "उमाजीने कास... कासऱ्याला झ... झटका दिला." उमाजी म्हणजे पुस्तकातले हणमंतराव. उषाआत्या मधूनच मान हलवत होत्या. "खरं आहे. पिवळ्या शिंगाचा बैल हटून बसला होता. हे तुला कुणी सांगितलं, पद्मा?" बैल तिने मनानेच लिहिला होता.

ओढ्यापाशी बंड्या थांबतात आणि त्रिवेणी दोन्हीत नाही हे सगळ्यांना कळतं, तिथे सातवं प्रकरण संपत होतं. अमृताने सुटकेचा श्वास टाकला आणि पुस्तक मिटू लागली. पद्मावती उठली आणि शिऱ्याच्या पातेल्याकडे निघालीसुद्धा.

"बस खाली," उषाआत्या म्हणाल्या. "पोथी अशी बांधत असतात?"

"प्रकरण संपलं आत्या. पुढचं उद्या."

"पोर मागं राहिलीय अन् तू प्रसाद वाटणार? कुणी वनवासात असलं, बंदिवासात असलं, तर तिथं पोथी बांधायची नसती. सासूबाईंनी शिकवलं नाही व्हय तुला? ते माणूस सुखरूप घरी येईस्तोवर वाचायचं. दिवेलागण झाली तरी वाचायचं. अमृता, पुढं वाच बाळा."

पद्मावती खाली बसली. इतकी वर्षं ती ही रीत पाळत आली होती, एकदा तर तिच्यामुळे कुकरची डाळ करपली होती, आणि बेत आखताना नेमकी तीच तिच्या ध्यानात आली नव्हती.

अमृताने आठवं काढलं. "आबिड्सच्या भर... भरगच्च रस्त्यावर विलासरावांच्या दुकानात रंगीत टीव्हीचे बारा..."

"हे काय आलं? पोरगी कुठंय?"

"आत्याआजी, या पुस्तकात असंच आहे. एक चॅप्टर तेव्हाचा, एक आत्ताचा."

"ते टीव्ही नंतर विकू दे त्याला. पोरगी उन्हात उभी आहे."

"आत्या, मधलं सोडलं तर संगती लागत नाही," पद्मावती घाईने म्हणाली. आजवर ज्या प्रकरणांना वाचकांनी नाकं मुरडली, त्यांच्यासाठी ती आज पदर पसरायला तयार होती. "चांगलं आहे ते प्रकरण. वाच अमृता, सगळं वाच."

"नको नको, सोडा ते," यशवंत तत्परतेने म्हणाला. गिऱ्हाइकाला जुना टीव्ही नवा म्हणून विकणारे ते विलासराव कोण, हे त्याला चांगलं माहीत होतं. "आत्या बरोबर बोलतेय. मीसुद्धा तसंच वाचलं, एक सोडून एक. अन् नववं तर काय लिहिलंय वहिनींनी. अण्णांचं असं चित्र उभं केलंय, आत्या, तू ऐकच."

वंदना इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने पद्मावतीकडे पाहिलं. साखरेच्या डब्याचा राग तिच्या डोळ्यांत होताच, पण जावेचा पांढराफटक चेहरा बघून ती चमकली. "अहो, राहू द्या ना आजच्यापुरतं," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरीचा घसा बसेल."

"घशाला पाणी आहे," उषाआत्या म्हणाल्या. "वाच."

अमृताने नववं उघडलं. पद्मावतीला आता फक्त पानं दिसत होती. उजवीकडची जाडी कमी होत होती आणि पोरीचं बोट ओळीखालून सरकत होतं. उमाजी ओढ्यावर बंडी थांबवतो. बायको पाय धरते, जाऊ नका म्हणते. तो ऐकत नाही. तो एकटाच, हातात कुऱ्हाड घेऊन, गावाकडे मागे फिरतो.

"कोण फिरला मागं?" उषाआत्यांनी विचारलं.

"उमाजी. म्हणजे आपले अण्णा," यशवंत म्हणाला.

"हं," उषाआत्या म्हणाल्या. जोडलेले हात त्यांनी सोडून मांडीवर ठेवले. "वाच."

उमाजी गावात शिरतो. सगळी दारं उघडी, चुली विझलेल्या. तो बहिणीला हाका मारत विहिरीकडे जातो. अमृता इथे थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग आत्याआजीकडे, मग पानाकडे. आणि धडाधड वाचू लागली.

"विहिरीवर त्रिवेणी बसलेली होती. भावाला बघून ती उठली. तिला वाटलं होतं, जीव द्यावा, पण मग वाटलं, आपण कैकू मरायचं, आपली काय गलती आहे? उमाजीने तिचा हात धरला आणि दोघं पळत पळत बंडीकडे गेले. सगळ्यांनी तिला मिठी मारली. अध्याय संपला."

हिम्मतराव खुर्चीत पुढे सरकून लेकीकडे बघत होते.

"अमृता," उषाआत्या हळूच म्हणाल्या, "मघापासून तुला कासरा वाचता येईना. हे बरं एका दमात आलं."

अमृताने मान खाली घातली.

"अन् तुझ्या आईनं पुस्तकात 'का' सोडून कैकू लिहिलंय? शाळेत मराठी शिकवायची ती." त्यांनी हात लांब करून चाचपत पुस्तक घेतलं आणि पद्मावतीच्या दिशेने धरलं. "तू वाच. जे लिहिलंस ते."

"आत्या, मला नका सांगू."

"लोकांना वाचून दाखवणार होतीस ना? मग मला दाखव."

पद्मावतीने पुस्तक घेतलं. तिचा आवाज, काय सांगावं, शाळेत तीस वर्षं कमावलेला, तो कापेना. तो स्वच्छ, शब्दाशब्दावर जोर देत चालला आणि तिला त्याची शरम वाटली. विहिरीच्या काठावर त्रिवेणीच्या बांगड्या काढून ठेवलेल्या. पाण्यावर ओढणी तरंगणारी. उमाजीने गुडघे टेकून फोडलेला हंबरडा. "त्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी गावाने कधी तोंडाला लावलं नाही." हे शेवटचं वाक्य इंदूरच्या वाचकाने कार्डावर जसंच्या तसं उतरवून पाठवलं होतं.

ती थांबली. मग तिला आपलाच हुंदका ऐकू आला. "मला क्षमा करा आत्या. मी दुष्ट आहे. मला पुढचं सुचत नव्हतं हो, तुम्ही परत आल्यावर पुढे काय ते मला कुणी कधी सांगितलंच नाही, आणि मी विचारलं नाही."

"हां, विचारलं नाहीस," उषाआत्या म्हणाल्या. "पुढं वाच."

"पुढे काही नाही. त्रिवेणीचं इथेच संपतं."

"मग शिरा कसा वाटायचा?"

यशवंत उठून उभा राहिला. "आत्या, कादंबरी आहे. इतकं मनावर कशाला घेतेस? चांगलं मरण दिलंय वहिनींनी. लोक रडतात."

"बस, यशवंत," हिम्मतराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "तिला बोलू दे."

उषाआत्यांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा अजून लाल होता. त्या कुणाकडे न बघता, पाटाकडे तोंड करून, पोथी सांगावी तशा सांगू लागल्या.

"विहिरीवर गेले होते, ते बरोबर आहे. तहान लागली होती. दादा काही मागं फिरला नाही. मी वाट बघितली, ऊन उतरेपर्यंत बघितली. मग चांदबी आली, पिंजाऱ्याची म्हातारी, तीही मागंच राहिली होती. तिच्याजवळ दोर होता, माझ्याजवळ कळशी. त्या विहिरीच्या पाण्यावर आम्ही दोघी राहिलो. ज्वारी होती पेवात, रांधायला पाणी तेच. मिल्ट्री आली, मग माणसं गावाकडं फिरायला लागली, तशी मी एका बंडीत बसून कँपाकडं गेले. म्हणलं, घरच्यांना किती आनंद होईल."

वंदना नकळत सरकून त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसली होती.

"दादा दारात उभा होता. मला बघितलं. वरून खालपर्यंत बघितलं. अन् म्हणला, गावात विहीर नव्हती का?"

"अण्णा असं म्हणणार नाहीत," यशवंत म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"तू जन्मला नव्हतास तेव्हा."

"मी होतो," हिम्मतराव म्हणाले. "मी चार वर्षांचा होतो. अण्णा काय म्हणाले ते नाही आठवत. पण आई त्यांच्यावर ओरडली, ते आठवतं. आई कधी ओरडायची नाही ना, म्हणून राहिलंय डोक्यात."

पद्मावतीने पुस्तकाकडे पाहिलं. जे त्या माणसाने दारात उभं राहून मागितलं होतं, तेच तिने इतक्या वर्षांनी त्याला लिहून दिलं होतं, वर त्याच्या हातात कुऱ्हाड देऊन, त्याला रडवून. आणि लोकांनी तिला शाबासकी दिली होती.

"तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला.

"मी म्हणलं, होती. तिचंच पाणी पिऊन आले."

अमृता रडत होती. तिने नाक ओढलं आणि विचारलं, "मग?"

"मग काय. मंगलावहिनीनं, यांच्या आईनं, त्याला बाजूला सारला, आतून परात आणली, माझ्या पायावर पाणी घातलं. या हिम्मतनं निम्मं सांडलं परातीतलं, त्यालाच घालायचं होतं. मग भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला अन् मला आत घेतली." उषाआत्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हां. इथं थांबायला हरकत नाही. बांधा पोथी."

पद्मावतीने तांबड्या फडक्यात पुस्तक गुंडाळलं. गाठ मारायला वंदनाने हात लावला. मग पद्मावतीने शिऱ्यावरचं झाकण काढलं. शिरा थंड होऊन वर साय धरल्यासारखा झाला होता. पहिली वाटी तिने उषाआत्यांच्या हातात दिली आणि त्यांच्यापुढे तशीच उकिडवी बसून राहिली.

"आत्या, रविवारी मी ते वाचणार नाही. तुम्ही म्हणाल तर हे वाचते. तुम्ही आत्ता सांगितलंत ते. नाहीतर सत्कारच नको म्हणून कळवते."

उषाआत्यांनी शिऱ्याचा घास घेतला, चावून खाल्ला, वेलदोडा कमी पडला म्हणाल्या. मग वाटी खाली ठेवली.

"वाच की. मी पुढंच बसते," त्या म्हणाल्या. "फक्त विहिरीपाशी थांबू नको."